पिन टाकताना तो दुसरीकडे बघायचा

थंडीतली सकाळ होती. बोरी नदीवरचं धुकं अजून हललं नव्हतं आणि ऋतिका शालीत हात लपवून लॅबकडे चालली होती. मागून एक मोटरसायकल आली, तिच्याजवळ येऊन मंदावली… आणि थांबली.

"मॅडम, माती तपासायची लॅब इकडेच आहे ना?"

गाडीवरच्या तरुणानं मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. मागच्या सीटला दोरीनं मातीच्या पिशव्या बांधलेल्या. मफलरच्या वर फक्त डोळे दिसत होते – थोडे दमलेले, थोडे हसरे.

ऋतिका त्याच लॅबमध्ये कामाला होती. शेतकऱ्यांनी आणलेली माती वाळवायची, चाळायची, तिच्यात काय कमी, काय जास्त ते बघून रिपोर्ट द्यायचा, हे तिचं काम. पण तिनं ते सांगितलं नाही. "माझ्या मागे या," एवढंच म्हणाली.

"तुम्ही पायी, मी गाडीवर. मागे येऊ कसा?"

"मग उतरा."

तो खरंच उतरला. गाडी ढकलत तिच्या बाजूनं चालू लागला. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं, म्हणून तिनं विचारलं, की फोनमध्ये नकाशा नाही का. त्यानं फोन काढून तिच्यापुढे धरला. पडद्यावर निळी नदी होती, काळी रेल्वेलाईन होती, आणि दोन्हींच्या मधे सगळं पांढरंच पांढरं.

"गरीब दिसतो तुमचा नकाशा," ती म्हणाली.

"गरीब आहे. पण चहाडी करत नाही."

ऋतिका हसली. हसू आल्यावर तिलाच नवल वाटलं. आपला हसण्याचा आवाज तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

त्याचं नाव कुंदन. फैजपूरकडचा. ठिबक सिंचनाचं काम करणाऱ्या एका कंपनीत होता. शेत मोजायचं, नळ्या कुठून कशा जातील ते आखायचं. अमळनेर तालुक्याचं काम त्याच्याकडे नुकतंच आलं होतं. पिशव्या ठेवून, नावं सांगून तो गेला. जाताना वळून एकदा बघितलं असेल… ऋतिकाला तसं वाटलं. नक्की सांगता आलं नसतं.

ऋतिका शिंदखेड्याची. वडील हिलाल नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आई सविता घरीच. आदल्या वर्षी धुळ्याच्या स्वप्नीलशी तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा चांगल्या नोकरीत, बोलायला गोड. साखरपुड्यात त्यानं तिला फोन दिला आणि स्वतःच्या हातानं सुरू करून दिला. फोनवर तिच्या नावाचं खातं उघडलं, पासवर्ड टाकला. "तुला कशाला त्रास," म्हणाला. सुरुवातीला तिला ते आवडलं होतं. तेव्हा ती एका दवाखान्यात कामाला होती; तिथून पाय बाहेर पडला की त्याचा फोन यायचा, "निघालीस का?" तिला वाटायचं, मन जुळलं की असंच होत असेल. मग एकदा त्यानं विचारलं, मैत्रिणीकडे एवढा वेळ काय करत होतीस. मैत्रिणीकडे गेल्याचं तिनं सांगितलंच नव्हतं.

तिनं लग्न मोडलं. अंगठी, फोन, साडी सगळं परत केलं. आई बोलली, एकच वाक्य. "काळजी करणारा नवरा नशिबानं मिळतो, तुला ते पेललं नाही." त्यानंतर आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. ऋतिका नोकरीसाठी अमळनेरला आली, मंदाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी वरची खोली घेतली, स्वतःच्या पगारातून नवा फोन घेतला. खातं मात्र जुनंच ठेवलं. सगळे नंबर, सगळे फोटो त्यात होते. त्यात काही चूक आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

कुंदन भेटला त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून एक मेसेज आला. "पाडळसऱ्याला पाण्याजवळ एकटीच बसतेस. बरं वाटतं का?"

रविवारी ती तिथं गेली होती. धरणाच्या कडेला दगडावर बसून पाणी बघत राहिली होती. कुणाबरोबर नाही, कुणाला सांगून नाही. मेसेज वाचला तेव्हा तिनं मातीची चाळणी खाली ठेवली आणि भर दुपारी लॅबची खिडकी लावून घेतली.

रिपोर्ट न्यायला कुंदन आला, तेव्हा ती त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली.

"तुमचा फोन चहाडी करत नाही म्हणालात. माझा… माझा करतो."

त्यानं कोण, का, कधीपासून, असलं काही विचारलं नाही. आपल्याला यातलं फार कळत नाही, हे आधीच कबूल केलं. मग जळगावच्या नवीन नावाच्या मित्राला फोन लावून नीट विचारून घेतलं आणि तिला सांगितलं, की आधी पासवर्ड बदला, आणि खात्याला दुसरा कुठला फोन जोडलेला आहे का ते बघा. होता. धुळ्यातला. तिनं तो काढून टाकला. संध्याकाळी स्वप्नीलचा शेवटचा मेसेज आला, "शहाणी झालीस वाटतं." तिनं त्याचा तो नंबर ब्लॉक केला. त्यानंतर तो गप्प झाला.

खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. पण ऋतिकाच्या मनातून ते जाईना. स्वप्नीलनं काही नवीन केलंच नव्हतं. फोन सगळं टिपून ठेवत होता, त्यानं फक्त वाकून बघितलं होतं. तिला आता टिपून ठेवणारा फोनच नको होता. तुमच्या फोनसारखा मलाही करून द्या, आजच द्या, असं ती म्हणाली.

"आज नको," कुंदन म्हणाला. "मी असंच रागात केलं होतं."

त्या दिवशी लॅबसमोरच्या टपरीवर चहा घेताना त्यानं सांगितलं. त्याचे वडील, रुपचंद आबा, किडनीच्या आजारानं गेले. आजारपणात हा फोनवर दिवसरात्र डायलिसिस, औषधं, दवाखाने शोधत असायचा. आबा गेल्यावरही फोन डायलिसिसच्या जाहिराती दाखवत राहिला. दहाव्याला, तेराव्याला, पुढे कितीतरी दिवस. बाप गेला हे फोनला कुणी सांगितलंच नव्हतं. एका दुपारी संतापून त्यानं सगळं पुसलं आणि ही नवी सिस्टीम टाकून घेतली, जिला कुठलं खातं लागत नाही, जी कुणाला काही कळवत नाही. मग लक्षात आलं, की जुन्या फोनमध्ये आबांचे आवाजी मेसेज होते. 'केळीचं पाणी बंद केलं का रे' असले, दोन-दोन शब्दांचे. तेही गेले.

"म्हणून म्हणतो, हळूहळू करा. एका वेळी एक. जे सोडाल ते बघून सोडा."

ऋतिका कपातल्या सायीकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या बशीतलं बिस्किट त्याच्या बशीत ठेवलं.

मग ते हळूहळूच झालं. आधी तिनं आहे त्याच फोनवर ब्राउझर बदलला. काही फरक पडला नाही, फक्त चपलांच्या जाहिराती तिच्या मागे फिरायच्या थांबल्या. पुढच्या आठवड्यात कीबोर्ड. तो मराठीत सारखा अडायचा. 'भाकरी' लिहावं तर भलतंच उमटायचं, आणि ते तसंच ती कुंदनला पाठवायची. 'आज भाजीबरोबर भास्करी खाल्ली.' त्याचं उत्तर यायचं, 'भास्करराव बरे आहेत ना?' मग मेल, मग फोटो ठेवायची जागा. जुने फोटो एकेक बघून तिनं आपल्या पेनड्राइव्हवर घेतले. साखरपुड्याचे घेतले नाहीत. पण त्यातला आईचा, हळदी रंगाच्या नऊवारीतला एक फोटो तेवढा घेतला.

नवी सिस्टीम सगळ्याच फोनवर चालत नाही. चालेल असा एक जुना फोन नवीननं शोधून तयार करून दिला. तो आला तेव्हा कोऱ्या पाटीसारखा होता. पडद्यावर रंग नाहीत, चित्रं नाहीत. बँकेचं ॲप त्यावर उघडेना, म्हणून पहिला फोन तिनं सिमकार्डासकट कपाटात ठेवला, पैशांच्या कामापुरता आणि घरच्यांच्या फोनपुरता. खोलीतल्या वायफायवर, बाहेर गेली की कुंदनच्या फोनवरून इंटरनेट घेऊन, ती नवा फोन वापरायला शिकली.

शिकवताना तो शेजारी बसायचा, पण अंतर ठेवून. आणि तिनं पिन टाकायला घेतली की दरवेळी मान वळवून दुसरीकडे बघायचा – रस्त्यावरच्या गाईकडे, भिंतीवरच्या पोस्टरकडे, काहीच नसलं तर आभाळाकडे. पहिल्यांदा तिला गंमत वाटली. नंतर नंतर तो मान वळवायचा तेव्हा ती पिन टाकायची सोडून त्याच्या कानामागच्या केसांकडे बघत बसायची.

"झालं का?" तो तिकडे बघूनच विचारायचा.

"नाही… थांबा अजून."

रविवारी दोघं त्याच्या गरीब नकाशात भर घालायला निघायचे. तो नकाशा लोकांनीच भरायचा असतो, हे त्यानं तिला सांगितलं होतं. पैलाडच्या गल्ल्या, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मारवडकडे जाणारी शेतवाट. ती नावं सांगायची, तो टिपायचा. नदीकाठच्या चिंचेखाली गाडी लावून एकदा दोघं उन्हाला पाठ करून बसले होते, डब्यात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती.

"या जागेला काय नाव देऊ?" त्यानं विचारलं.

"हिला नको देऊ. ही राहू दे अशीच."

ती पहिल्यांदाच 'देऊ नका' म्हणायच्या ऐवजी 'नको देऊ' म्हणाली होती. दोघांच्याही लक्षात आलं. कुंदन डब्याचं झाकण लावत राहिला, ते लागलेलं असूनही.

पण रविवार संपला की खोली होती. आणि आता खोलीत फोनही वाजत नव्हता. आधी दिवसभर टिंगटिंग चालायची. कुणाचा वाढदिवस, कुठला सेल, कुणी काय खाल्लं. एकेक सोडत गेल्यावर तो आवाज ओसरला, आणि ऋतिकाला दिसलं, की त्या गर्दीत तिचं असं माणूस नव्हतंच. रविवारी नानांचा फोन यायचा. "बरी शे ना बेटा?" "बरी शे, नाना." "आठे बठ्ठं बरं शे. तुनी माय बी बरी शे." इकडे सगळं बरं, आईही बरी, एवढंच. मागे भांड्यांचा आवाज यायचा. तो आवाज आई मुद्दाम करते की नुसतीच करते, ते कळायचं नाही.

व्हॉट्सॲप तिनं सोडलं नाही. घरच्यांच्या ग्रुपवर आई रोज सकाळी फुलाचं चित्र टाकायची. गुलाब, जास्वंद, कुठलंही. ते सगळ्यांसाठी असायचं, म्हणजे ऋतिकासाठीही असायचं. हे सांगताना तिला लाज वाटली. कुंदन म्हणाला, "ठेवा की. फोन तुमचा आहे, परीक्षा थोडीच आहे." मग त्यानं ते नव्या फोनमध्ये एका वेगळ्या कप्प्यात कसं बसवायचं, बाकीचं काही त्याला न दाखवता, ते नवीनला विचारून शिकवलं. फुलं येत राहिली.

संक्रांतीनंतर ऋतिका तापानं पडली. उठवेना, जिना उतरवेना. नव्या फोनची बॅटरी संपली आणि चार्जर टेबलापाशी होता, टेबल भिंतीपाशी, भिंत फार लांब; कपाटातला फोन त्याच्याही पलीकडे. मंदाबाईंनी पेज आणून दिली, गोळ्या आणवल्या, पण त्यांचे गुडघे दुखायचे, सारखं वर येणं व्हायचं नाही. दुपारी खिडकीतून उन्हाचा तुकडा यायचा, फरशीवरून सरकायचा आणि जायचा. ऋतिका त्याच्याकडे बघत पडून राहायची. आपण कुठे आहोत हे आता कुणालाच ठाऊक नाही, तिला वाटलं. हेच तर हवं होतं. आणि तेच मिळालं होतं.

बरी झाल्यावर तिनं फोन चार्ज केला. कुंदनचा एक मेसेज होता. 'दोन दिवस दिसला नाहीत. ठीक आहात ना?' फक्त एक.

टपरीवर भेटले तेव्हा ती बारीक झालेली बघून तो चटकन उठून उभा राहिला. ती बसली नाही. तापात पडले होते, तुम्ही आला नाहीत, एवढंच म्हणाली.

"तुम्ही कुठे राहता, ते मला माहीत नाही."

"अमळनेर केवढं आहे, कुंदन? लॅबमध्ये कुणीही सांगितलं असतं."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं, की लॅबच्या फाटकापर्यंत तो आला होता. गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. "वाटलं, तुम्ही न सांगता मी पत्ता काढला… तर मग त्याच्यात आणि माझ्यात काय राहिलं?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तिला जास्त लागलं. चुकला असता तर भांडता आलं असतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि चहा न घेताच निघाली. त्यानं हाक मारली नाही.

पंधरवड्यानं त्याचा मेसेज आला, की केळीच्या पट्ट्यातलं काम वाढलंय, कंपनीनं फैजपूरला परत बोलावलंय, काही अडलं तर कळवा. ऋतिकानं 'बरं' लिहिलं. त्यापुढे आणखी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

उरलेलं तिनं एकटीनं केलं. बँकेचं काम ब्राउझरमधून जमायला लागलं. किराण्याला रोख द्यायची सवय झाली. एका संध्याकाळी कपाटातल्या फोनमधलं सिमकार्ड काढून तिनं नव्या फोनमध्ये घातलं. खूप मोठं काही होईल असं वाटलं होतं, पण कोपऱ्यात रेंजच्या चार काड्या उमटल्या आणि झालं. कुणाला सांगावं तर कुणी नव्हतं. तिनं दिवा लावला, खिचडी टाकली.

तापाचं तिनं नानांना उशिरा, बोलता बोलता सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फूल आलं नाही. तिच्या एकटीच्या नावावर मेसेज आला. आईनं लिहिलं होतं, 'थंडी आहे. स्वेटर घालते ना?'

ऋतिका लॅबच्या मागच्या बाजूला, वाळत घातलेल्या मातीपाशी उभी राहून ते वाचत राहिली. माफी नव्हती त्यात, राग नव्हता. कुणी तिच्यावर नजरही ठेवली नव्हती. आईला माहीत नव्हतं, म्हणून आईनं विचारलं होतं. तिला रडू आलं, तसंच रडत तिनं लिहिलं, 'घालते.' थोड्या वेळानं आणखी लिहिलं, 'तू पण घाल.'

त्या रविवारी ती चोपड्यामार्गे फैजपूरला गेली. कुंदनला कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यानं 'या' म्हटलं असतं की 'कशाला' म्हटलं असतं, याची तिला भीती वाटत होती. रुपचंद आबांचं घर विचारत गेली, ते सापडलं. अंगणात त्याची आई, बेबाबाई, तूर पाखडत बसली होती. ऋतिकानं नाव सांगितलं. बेबाबाईनं सूप खाली ठेवून तिच्याकडे नीट बघितलं.

"अमळनेरची ना तू? बस व माय. कुंदन केळीत आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आल्यापासून बोलत नाही तो. त्याचे वडील गेले तेव्हा असाच होता."

ऋतिका बसली नाही. बेबाबाईनं दाखवलेल्या बांधानं ती मळ्यात गेली. केळीची पानं डोक्यावर मिटल्यासारखी झाली होती, आत हिरवा गार अंधार, लांबवर सातपुड्याची निळी रेघ. कुंदन जमिनीवर उकिडवा बसून ठिबकच्या नळीतला कचरा काढत होता. ती दिसली तसा तो उठला. हात चिखलानं भरलेले होते, ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"तुम्ही… इकडे?"

येताना बसमध्ये तिनं बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना. मग तिनं सरळ सांगितलं.

"मला विचारत जा."

"काय विचारू?"

"काहीही. बरी आहेस का, कुठे राहतेस, मी येऊ का. चोरून बघणं वेगळं, कुंदन. विचारणं वेगळं. तू विचार. सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."

नळीतून पाणी ठिबकत होतं. कुंदन खाली बघत होता.

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत विचारायचं."

त्यानं वर बघितलं. इतक्या दिवसांत तो तिच्याकडे एवढा वेळ, एवढं सरळ कधी बघत राहिला नव्हता. तिचेच डोळे आधी खाली गेले. घराकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"नाही," ऋतिका म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही."

"चल मग."

तो पुढे झाला, मग थांबला, आणि तिला बरोबर घेऊन चालू लागला. बांध एकाच माणसापुरता होता. दोघं तरी त्यावरून शेजारी शेजारीच गेले, एकेक पाय चिखलात बुडवत.